ट्युनिशियन क्रोशेचं दुपटं विणून झालं, आता काठ कसा घ्यावा?

तुमची अडचण मला कळली ती अशी. भाचीच्या बाळासाठी पांढऱ्या ॲक्रिलिक लोकरीचं, मध्ये पिवळे पट्टे असलेलं दुपटं ट्युनिशियन सिंपल स्टिचमध्ये (हुकवर आधी ओळीचे सगळे लूप गोळा करून मग परतताना सोडवायच्या क्रोशेचा सर्वांत साधा टाका) विणून झालंय. 128 टाके, 126 ओळी, 5.5 मिमीचा हुक. माप साधारण 80 बाय 90 सेंटिमीटर. खालची कड सारखी वर गुंडाळते. उजवी कड सैल आणि लोंबती आहे, डावी घट्ट. वरचे टाके बंद केल्यावर ती बाजू आखडली. हे सगळं झाकायला त्याच हुकानं सिंगल क्रोशेचा (नेहमीच्या क्रोशेतला साधा, बुटका टाका) काठ घ्यायला गेलात, तर एका बाजूला झालर आली आणि दुसरीकडे चुण्या. सगळं उसवावं का, असं तुम्ही विचारलंय.

दुपटं अजिबात उसवू नका. अर्धवट घेतलेला काठ आणि वरची टाके बंद केलेली ओळ, एवढंच उसवा. ती ओळ उसवताना टाके निसटतील अशी धास्ती नको. दोन सुयांच्या विणकामात सुई काढली की टाके उघडे पडतात, पण इथे परतीच्या ओळीनं प्रत्येक टाका आधीच अडकवलेला असतो. टोकापासून दोरा हळूहळू ओढत उजव्या कोपऱ्यापर्यंत या, शेवटी एकच लूप हातात उरेल. त्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा.

झालर आणि चुण्या कशामुळे आल्या, ते नीट समजून घेतलंत तर पुढचं काम सोपं जाईल. साध्या क्रोशेत आपण प्रत्येक ओळीनंतर काम उलटवतो, म्हणून डावी-उजवी कड सारखीच घडते. ट्युनिशियनमध्ये काम उलटवतच नाही. जाताना उजवीकडून डावीकडे लूप हुकवर गोळा करायचे, परतताना डावीकडून उजवीकडे दोन-दोन करून सोडवायचे. त्यामुळे उजवी कड नेहमी ओळ सुरू होण्याची आणि डावी नेहमी वळण्याची. खाली पायाच्या साखळ्या, वर नुसते उभे दोरे, म्हणजे प्रत्येक टाक्याची समोर दिसणारी उभी रेघ. चारही बाजूंची घडण वेगळी आहे आणि तुम्ही चारही बाजूंना हुक एकाच तऱ्हेनं घालत गेलात. प्रत्येक बाजूला टाका कुठे उचलायचा आणि किती उचलायचे, हे ठरवून घेतलं की काठ सपाट बसतो. बाकी सगळी सजावट त्यानंतरची.

काठाला हात लावण्याआधी दुपट्याला वाफ द्या. कड गुंडाळलेली असताना टाके मोजता येत नाहीत आणि हुकही भलत्याच दोऱ्यात जातो. पलंगावर जाड चादर किंवा टॉवेल पसरा, दुपटं सुलट बाजू खाली करून ठेवा, मापाला ताणून न गंजणाऱ्या टाचण्या लावा. वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून नुसती वाफ सोडा. इस्त्री लोकरीला टेकवायची नाही, हे मी अगदी आवर्जून सांगतेय. ॲक्रिलिक हा प्लॅस्टिकच्याच जातीचा धागा आहे. उष्णता जास्त झाली की तो मऊ पडतो, चकाकायला लागतो, कापड लुळं होतं आणि मग ते कशानंही पूर्ववत होत नाही. म्हणून आधी विणलेल्या एखाद्या नमुन्याच्या तुकड्यावर वाफ देऊन पाहा. पूर्ण गार होईपर्यंत टाचण्या काढू नका. खऱ्या लोकरीचं दुपटं असतं तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून, टाचण्या लावून वाळवायला सांगितलं असतं. सुती धाग्यालाही तेच चालतं. ॲक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा असर फार टिकत नाही.

आता वरची बाजू. पुढे काठ घ्यायचाच असेल तर टाके स्लिप स्टिचनं (लोकर टाक्यातून आणि हुकवरच्या लूपमधून एकदमच ओढून) बंद करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. स्लिप स्टिच मुळातच ताणत नाही. त्यात हात थोडा जरी घट्ट असला तरी अख्खी बाजू आखडते, तुमच्याकडे तेच झालं. शिवाय त्यावर काठ घेतला की तिथे दुहेरी जाडी येते आणि वरची बाजू बाकीच्या तिन्हींपेक्षा कडक लागते. त्यापेक्षा टाके बंद करणं आणि काठाची पहिली ओळ ही दोन्ही कामं एकत्र उरका. पिनेतला लूप 4.5 मिमीच्या साध्या हुकवर घ्या. पहिला उभा दोरा सोडा. दुसऱ्या उभ्या दोऱ्याखालून, जाताना घालत होता तसाच, हुक घाला, लोकर ओढून आणा. हुकवर दोन लूप होतील. पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून काढा. हा झाला एक सिंगल क्रोशे. प्रत्येक उभ्या दोऱ्यात एक याप्रमाणे डाव्या कोपऱ्यापर्यंत जा. लोकर ओढून आणताना लूप टाक्याच्या उंचीइतका वर येऊ द्या, हुकाच्या मानेशी करकचू नका. उजव्या कोपऱ्याच्या त्या सोडलेल्या टाक्याचा विचार आत्ता नको. चारही बाजू फिरून आलात की त्याचं काम तिथे होईल.

हुक 4.5 मिमीचा का, तेही सांगते. ट्युनिशियनसाठी आपण त्याच लोकरीच्या साध्या क्रोशेपेक्षा 1 ते 2 मिमी मोठा हुक वापरतो, नाहीतर कापड पुठ्ठ्यागत होतं. काठ हा मात्र साधा क्रोशे आहे. तो 5.5 मिमीनं घेतला की टाका रुंद पडतो, आणि तितकेच टाके घातले तरी काठ कापडापेक्षा लांब होतो. तुमची झालर अर्धी तरी या हुकामुळे आली असणार.

डाव्या कोपऱ्यात शेवटच्या टाक्यात तीन सिंगल क्रोशे घाला. काम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं एक चतुर्थांश फिरवा, म्हणजे डावी कड वर येईल. सुलट बाजू तुमच्याकडेच राहते. या कडेकडे जवळून पाहा. विणताना प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका एकाच दोऱ्यात न घेता त्याच्यालगतचा मागचा दोराही घेतला असेल, तर कडेवर आडव्या साखळीसारखे दोन-दोन दोरे एकाखाली एक दिसतील. त्या दोन्ही दोऱ्यांखालून हुक घालायचा. ज्या ओळींत एकच दोरा घेतला गेलाय तिथे कड जरा उघडी दिसेल. तिथे हुक एक दोरा आत घालून घ्या, भोक झाकलं जाईल. डावी कड घट्ट होण्याचं कारण बहुधा परत फिरतानाची पहिली साखळी. ती विसरली किंवा आवळून ओढली की दर ओळीला कड थोडी थोडी खेचली जाते. झालेल्या कामात ते बदलत नाही, पण वाफेनं बरंच सुटतं.

खालच्या बाजूला सगळं तुम्ही पहिली ओळ कशी उचलली होती यावर अवलंबून आहे. साखळीच्या पाठीमागच्या उंचवट्यातून लूप उचलले असतील तर दुपट्याच्या तळाशी साखळीची पूर्ण नक्षी, दोन-दोन दोऱ्यांची, अखंड दिसेल. मग काम सोपं : दोन्ही दोऱ्यांखालून प्रत्येकी एक सिंगल क्रोशे. साखळीच्या वरच्या एकाच दोऱ्यातून उचलले असतील तर खाली दुसरा दोरा सुटा राहिलेला असतो आणि त्यात टाका घेतला की तो ताणून जाळी पडते. अशा वेळी त्या सुट्या दोऱ्याबरोबर त्याच्यालगतचा एखादा दोराही हुकावर घ्यावा. हाताला थोडं अवघड जातं, पण कडेला भोकं राहत नाहीत.

उजवी बाजू सर्वांत जास्त त्रास देते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका म्हणजे परतताना हुकवर उरलेला शेवटचा लूप. त्यात आपण वेगळं काही विणत नाही, तो नुसता ओळीबरोबर पुढे जातो, आणि जाड हुकवर बसून सैल होत राहतो. कडेला तो लांबट उभा दोरा म्हणून दिसतो. त्या एकट्या दोऱ्यात टाका घेतलात की तो आणखी ओढला जातो, काठ आणि कापड यांच्यामध्ये खिडक्या दिसायला लागतात. तेव्हा तो उभा दोरा आणि त्याच्या मागे टेकलेला परतीच्या साखळीचा दोरा, असे दोन्ही एकदम उचला. फारच लोंबता असेल तर दोन उपाय आहेत. बोथट सुईच्या टोकानं त्यातला सैलपणा त्याच ओळीतल्या शेजारच्या तीन-चार टाक्यांत थोडा थोडा सरकवून द्या. किंवा तो दोरा हुकावर घेताना एकदा पिळून घ्या. पिळात जादाची लांबी खपते. पिळायचाच असेल तर त्या बाजूचे सगळेच पिळा, एक पिळलेला आणि एक सरळ असं डोळ्यांना लगेच कळतं.

आता किती टाके उचलायचे ते. याचं उत्तर तुमच्या हाताच्या मापात आहे, दुसऱ्या कुणाचा आकडा घेऊ नका. तुमचे 128 टाके 80 सेंटिमीटरमध्ये बसतात, म्हणजे 10 सेंटिमीटरला 16. आणि 126 ओळी 90 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे 10 सेंटिमीटरला 14. आता 4.5 मिमीच्या हुकानं सिंगल क्रोशेचा छोटा तुकडा विणून मोजा. समजा त्यातही 10 सेंटिमीटरला 16 टाके आले. तर वर आणि खाली टाक्याला टाका, 128 बरोबर बसतात. पण उभ्या बाजूंना ओळीला एक टाका घेतला तर 126च होतील, आणि 90 सेंटिमीटरला हवेत 144. म्हणजे 18 कमी. काठ आखडणार आणि बाजूला चुण्या पडणार. 126 ओळींत 18 टाके वाढवायचे, म्हणजे दर 7 ओळींत एक : सहा ओळींत एकेक टाका, सातव्या ओळीत दोन. अशा अठरा खेपा झाल्या की 144 भरतात. तुकड्यात 14 टाके आले तर उलट हिशेब : उभ्या बाजूंना ओळीला एक बरोबर, पण वर-खाली 128च्या जागी 112 पुरेत, म्हणून दर आठ टाक्यांत एक सोडायचा.

वरची बाजू टाके बंद करतानाच विणली जाते, तिथे उभा दोरा सोडला तर तो उघडा राहील. म्हणून वर टाके सोडायचे असतील तर पहिल्या ओळीत सोडू नका, दुसऱ्या फेरीत दोन-दोन टाके एकत्र घेऊन कमी करा. शक्य असेल तर हुक पाव-अर्धा मिमीनं लहान करून 16चं माप जुळवा, ते जास्त सोपं.

आणि हो, समोरासमोरच्या बाजूंचे टाके अगदी सारखे हवेत. उजवीला 144 आणि डावीला 141 झाले तर दुपटं घडी घातल्यावर तिरकं जातं. काठ घेण्याआधीच दर 21 ओळींना रंगीत दोऱ्याची खूण बांधा, म्हणजे एका उभ्या बाजूचे सहा भाग होतील. प्रत्येक भागात 24 टाके पडले की पुढे जा. चूक झाली तर एका भागातच उसवावं लागतं.

कोपऱ्यात पहिल्या फेरीला तीन टाके. दुसऱ्या फेरीपासून त्या तिघांतल्या मधल्या टाक्यात पुन्हा तीन. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात दोन आणि पूर्ण फेरीत आठ टाके वाढतात. फेरीअखेर मोजल्यावर आठच वाढलेत का, एवढं पाहिलंत तरी पुरे. मधल्या टाक्यात खूण लावलेली बरी, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत तो कुठला हे ओळखू येत नाही. टोक आत वाकत असेल तर टाके कमी पडलेत, टोकाला मोगऱ्यासारखं फुलत असेल तर जास्त.

कड गुंडाळण्याबद्दल मला स्पष्ट सांगायला हवं. एका फेरीच्या काठानं ते जात नाही. सिंपल स्टिचमध्ये उभे दोरे सगळे पुढे राहतात आणि परतीच्या साखळीची जाडी मागे बसते. दोन्ही बाजू समान नसल्यानं कापड वळतं, आणि विण घट्ट असली की जास्तच. काठ घट्ट घेऊन त्याला ताणून धरावं असं पुष्कळांना वाटतं. त्यानं कड पिशवीच्या तोंडासारखी आत ओढली जाते आणि काम आणखी बिघडतं. उपयोगी पडतं ते वाफ देणं आणि निदान तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा, सपाट राहणाऱ्या टाक्याचा काठ. दुपट्यासाठी माझी पसंती अशी : पहिली फेरी साध्या सिंगल क्रोशेची, पुढच्या फेऱ्यांत एक सिंगल क्रोशे, एक साखळी, खालचा एक टाका सोडायचा; त्यापुढच्या फेरीत सिंगल क्रोशे खालच्या साखळीच्या जागेत घालायचे. कोपऱ्यात सिंगल क्रोशे, दोन साखळ्या, सिंगल क्रोशे. हा काठ मऊ राहतो, वळत नाही, आणि बाळाच्या गालाला टोचत नाही. टाक्यांची संख्या एकानं जुळली नाही तर तो फरक कोपऱ्यापासून दूर, बाजूच्या मध्यावर कुठेतरी निभावून न्या.

इतकं करूनही खालची कड हट्टानं वळत राहिली तर मागे मऊ सुती कापडाचं अस्तर लावा. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती नऊवारी घरात असेल तर त्याहून चांगलं काही नाही. नवं कापड असेल तर आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटेल आणि ॲक्रिलिक तसंच राहून फुगेल. अस्तर काठाच्या पहिल्या फेरीच्या पाठीमागे बारीक हातशिलाईनं, विणीत फक्त मागचा एक दोरा घेत शिवायचं, म्हणजे सुलट बाजूला काही दिसत नाही.

पिवळ्या पट्ट्यांची टोकं सगळी उजव्या कडेला लोंबत असतील, कारण रंग तिथेच बदलतो. त्यांच्या गाठी मारू नका, गाठ धुण्यात सुटते नाहीतर टोचते. बोथट सुईनं प्रत्येक टोक त्याच रंगाच्या पट्ट्यात, मागच्या आडव्या उंचवट्यांतून चार-पाच सेंटिमीटर न्या आणि वळून दोन-तीन सेंटिमीटर परत आणा. ॲक्रिलिक निसरडं असतं, एकाच दिशेला नेलेलं टोक बाहेर येतं. टोकं काठाखाली दाबून विणायची सवय पुष्कळांना असते. पांढऱ्या काठाखालून पिवळा दोरा हमखास डोकावतो, म्हणून इथे तसं करू नका.

शेवटची फेरी म्हणून क्रॅब स्टिच मला फार आवडतो. सिंगल क्रोशेच, पण डावीकडून उजवीकडे. काम उलटवायचं नाही. हुक उजवीकडच्या पुढच्या टाक्यात घालायचा, लोकर खालून ओढून आणायची, दोन लूप झाले की लोकर घेऊन दोन्हींतून काढायची. सुरुवातीला हात अडखळतो. लूप सैल ठेवा आणि हवं तर हुक अर्ध्या मिमीनं मोठा घ्या. कडेला गोल, भरीव पीळ बसतो आणि काठ धुण्यात पसरत नाही. त्यावर पुढे विणायचं मात्र काही उरत नाही, तेव्हा सगळं मनासारखं झाल्यावरच तो घ्या. लहान बाळाच्या वस्तूला गोंडे, लांब पिको (कडेला साखळ्यांची काढलेली छोटी टोकं), मोठ्या भोकांची लेस नको. बोटं अडकतात, आणि गोंडे तोंडात जातात.

क्रॅब स्टिच न घेता साध्या फेरीवर थांबलात तर फेरी स्लिप स्टिचनं जोडू नका, तिथे उंचवटा दिसतो. लोकर 15 सेंटिमीटर ठेवून कापा, लूपमधून पूर्ण बाहेर ओढा, सुईत ओवा. फेरीच्या दुसऱ्या टाक्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई न्या, मग जिथून दोरा बाहेर आला त्या शेवटच्या टाक्याच्या मधोमध परत खुपसा, आणि शेजारच्या टाक्याइतकाच ओढून मागे न्या. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

हेच काम दुसऱ्या वस्तूंवर थोडं बदलतं. सुलट टाक्याच्या ट्युनिशियन विणीत वरच्या ओळीला हुक उभ्या दोऱ्याखालून न घालता पुढच्या आणि मागच्या दोऱ्याच्या मधून आरपार घालावा लागतो, नाहीतर शेवटची ओळ वेगळीच दिसते. उलट टाक्यात लोकर पुढे घेऊन मग हुक उभ्या दोऱ्याखालून घालायचा. शालीला मी बहुधा काठ घेतच नाही, मोठ्या हुकानं सैल टाके बंद करून सोडते. शाल लोंबायला हवी, काठानं ती ताठ होते. उशीच्या अभ्र्याला एकच फेरी पुरते, कारण ती शिवणीत जाते.

आणि तुम्ही दुसरं दुपटं घेणारच आहात म्हणालात, तर त्यात काठाची तयारी पहिल्या ओळीपासून करा. साखळीच्या पाठीमागच्या उंचवट्यातून लूप उचला. पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या चार ओळी एक सिंपल, एक उलट अशा आलटून पालटून विणा. पुढच्या ओळीत सिंपलवर उलट, उलटवर सिंपल. ही विण दोन्ही बाजूंना समतोल असल्यानं वळत नाही. दोन्ही कडांचे चार-चार टाकेही सगळ्या ओळींत तसेच ठेवा. जाताना दुसरा टाका उचलल्याबरोबर लोकरीला हलका ओढा द्या, उजवी कड सैल पडणार नाही. शेवटचा टाका नेहमी दोन दोऱ्यांखालून, आणि परत फिरताना एक मोकळी साखळी.